पप्पा घरी नाहीत

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटी घेत असताना एका सायंकाळी मी एका घरी चहाला बसलो होतो. बशीत सुकेळी होती, बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि घरधनी यंदाच्या पावसाविषयी बोलत होते. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी क्रमांकाकडे पाहिले, कपाळाला आठी घातली आणि शेजारी चित्र रंगवत बसलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलाकडे फोन सरकवला. 'सांग, पप्पा घरी नाहीत.'

मुलाने सराईतपणे फोन कानाला लावला, एकदा माझ्याकडे पाहिले आणि तसे सांगून टाकले. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे, कारण त्याने वडिलांकडे प्रश्नार्थक मुद्रेने पाहिले. वडिलांनी दोन्ही हातांची मिळून आठ बोटे दाखवली. 'रात्री आठला येतील,' मुलगा म्हणाला आणि पुन्हा चित्राकडे वळला.

'कर्जवाले, फादर,' घरधनी हसत म्हणाले. 'दिवसातून चार वेळा फोन. यांच्याशी खोटं बोललं तर पाप थोडंच लागतं?'

मीही हसलो आणि चहाचा घोट घेतला. उत्तर दिले नाही. ते देणे राहून गेले, म्हणून त्या कुटुंबाच्या परवानगीने हा लेख लिहीत आहे.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना घरातल्या फोनचे पहिले दिवस आठवत असतील. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साऱ्या आळीत एखाद्याच घरी फोन असे आणि लग्नपत्रिकेवर त्या शेजाऱ्याचा क्रमांक 'पी. पी.' अशी अक्षरे जोडून छापला जाई. घंटा वाजली की शेजारचा मुलगा धावत येऊन निरोप सांगे आणि आपण हातातले काम टाकून पळत सुटत असू. त्या घंटेचा अर्थ एकच होता : आपल्या माणसाला आपली आठवण झाली आहे. जन्माची, मरणाची, परदेशी गेलेल्या मुलाच्या खुशालीची वार्ता त्या काळ्या यंत्रातून येई. घंटेला ओ देणे हे दारी आलेल्या पाहुण्याला 'या' म्हणण्याइतकेच स्वाभाविक होते.

आज घंटा तीच आहे; अर्थ मात्र हरवला आहे. कर्ज, विमा, भूखंड, पतपत्र यांची विक्री करणारे आवाज दुपारच्या वामकुक्षीत, रोझरीच्या वेळी, जेवणाच्या ताटावर घरात शिरतात. माझ्यासारख्या धर्मगुरूला तर फोन न उचलण्याची मुभा नाही. मध्यरात्री वाजणारी घंटा मरणासन्न रुग्णाच्या घरची असू शकते. म्हणून मी प्रत्येक वेळी फोन उचलतो आणि पुष्कळदा माझ्या कानी पडतो तो अत्यल्प व्याजदर. अनेक घरांनी तर अनोळखी क्रमांक उचलणेच सोडून दिले आहे. मग रुग्णालयातून दुसऱ्याच्या फोनवरून आलेली हाक अनुत्तरित राहते. विक्रेत्यांनी आपला वेळ घेतला ही हानी त्यामानाने लहान. हाकेवरचा आपला विश्वास त्यांनी झिजवला, ही हानी मोठी.

तेव्हा घरधन्यांचा राग खोटा नव्हता. प्रश्न आहे तो त्या रागाने निवडलेल्या शब्दांचा. गंमत अशी की, 'साहेब घरी नाहीत' हे वाक्य नीतिशास्त्राला फार जुने आहे. सेमिनरीत असत्याचा विषय शिकताना हेच उदाहरण आमच्यापुढे ठेवले गेले होते. दारी नकोसा पाहुणा आला आहे, धनी माडीवर आहे आणि नोकर खाली सांगतो की, धनी घरी नाहीत. हे असत्य होय काय?

संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही हेतूने बोललेले असत्य त्यांनी त्याज्यच मानले. संत थॉमस अक्वायनस यांनी गंमतीचे, सोयीचे आणि घातक असे असत्याचे प्रकार केले, त्यांचे दोष कमीअधिक ठरवले. परंतु निर्दोष असे एकालाही म्हटले नाही. त्याच वेळी त्यांनी हेही मान्य केले की, सत्य झाकून ठेवणे आणि असत्य बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढच्या काही पंडितांनी मात्र एक पळवाट काढली. वाक्याचा अर्धा भाग ओठांवर आणि अर्धा मनात : 'धनी घरी नाहीत' हे उघड, 'तुमच्यासाठी' हे मनात. लॅटिनमध्ये तिला 'रेस्त्रिक्तिओ मेन्तालिस' असे भारदस्त नाव आहे. सतराव्या शतकात पास्कालने या पळवाटेची यथेच्छ टर उडवली आणि १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी तिच्या टोकाच्या रूपाचा निषेध केला. आपल्याला लॅटिनची गरजही नाही. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता देताना धर्मराजाने अर्धे वाक्य मोठ्याने आणि अर्धे हळू उच्चारले आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, ही कथा मराठी मुलाला शाळेतच कळते.

या पंडितांच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जेथे 'घरी नाहीत' याचा अर्थ 'भेटू इच्छीत नाहीत' असा सर्वांनाच ठाऊक असतो, तेथे कोणाची फसवणूक होत नाही. तो केवळ शिष्टाचार ठरतो. मग फोनवरही तसेच म्हणता येणार नाही का? येणार नाही. पलीकडच्या व्यक्तीने ते वाक्य शब्दशः घेतले. म्हणून तर तिने विचारले, 'केव्हा येतील?' आणि आपल्याला आठ बोटे दाखवावी लागली. एका असत्याला दुसऱ्याचा टेकू लागला, तेथेच पहिले वाक्य शिष्टाचार नव्हते हे सिद्ध झाले.

त्या सायंकाळी मी निघालो तेव्हा घरातील थोरली मुलगी छत्री धरून मला फाटकापर्यंत सोडायला आली. ती नुकतीच कामावरून परतली होती आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिने सारा प्रसंग पाहिला होता. 'फादर, मीसुद्धा हेच काम करते,' ती म्हणाली. 'मालाडला.' घरी सर्वांना ते ठाऊक आहे. परंतु वडिलांच्या मनात या दोन गोष्टींची एकमेकींशी कधी गाठच पडलेली नाही.

पावसात उभ्याउभ्याच तिने मला आपल्या कामाची रीत सांगितली. क्रमांक ती निवडत नाही. यंत्रच एकामागून एक लावत जाते. बोलायची वाक्ये लिहून दिलेली असतात. संभाषण ध्वनिमुद्रित होते आणि वरिष्ठ ते मध्येच ऐकतात. समोरच्याने शिवी दिली तरी फोन आपण आधी ठेवायचा नाही, असा तिच्या कार्यालयाचा दंडक आहे. महिनाअखेरीस विक्रीचा आकडा भरला नाही तर बोलणी खावी लागतात. 'शिव्यांचं आता काही वाटत नाही,' ती म्हणाली. पण ते म्हणताना तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

मला माझीच एक गोष्ट आठवली. गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून मी घरी आलो होतो आणि एका अत्यवस्थ रुग्णाच्या घरून फोन येण्याची वाट पाहत होतो. घंटा वाजली. धावत जाऊन उचलला, तर विम्याची योजना. मी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. पलीकडून 'सॉरी सर' एवढेच शब्द आले आणि मग शांतता. फोन मीच आपटला होता. तासाभरापूर्वी ज्या ओठांनी दुःखसहनाच्या प्रार्थना म्हटल्या, त्याच ओठांनी मी एका अनोळखी मुलीला घायाळ केले. तिला आपले नाव सांगण्याचीही संधी मी दिली नव्हती.

त्या मुलीचे बोलणे ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आणि या लेखात सांगण्यासारखे तेवढेच आहे. तारेच्या दोन्ही टोकांना एकच व्यवहार चालला होता. ज्यांना कर्ज विकायचे आहे ते स्वतः बोलत नाहीत; आपली आगळीक अंगावर घ्यायला ते बावीस वर्षांच्या मुलीला पुढे करतात. ज्यांना कर्ज नको आहे तेही स्वतः बोलत नाहीत. आपला नकार टाळण्यासाठी ते नऊ वर्षांच्या मुलाला पुढे करतात. थोरांचे काम धाकट्याच्या माथी आणि त्या कामातला कमीपणाही त्याच्याच माथी. ती मुलगी लिहून दिलेली वाक्ये बोलते, मुलगा बोटांनी दाखवलेली. यंत्रणेच्या आगळिकीवर आपण रागावतो आणि घरात तिचीच लहानशी प्रतिकृती उभी करतो.

मग आपण कोणाचे काय देणे लागतो? येथे उलट बाजूचा गोंधळही टाळला पाहिजे. न बोलावता आलेल्याला आपला वेळ मागण्याचा हक्क नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा फोनसंबंधी २००७ साली नियम केले, २०१० आणि २०१८ साली ते नव्याने घडवले. १९०९ या क्रमांकावर नोंद करून विक्रीचे फोन नाकारता येतात आणि तरीही ते आले तर तेथेच तक्रार करता येते. विक्रीच्या फोनसाठी १४० पासून सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले असताना साध्या दहा अंकी क्रमांकांवरून गळ घातली जाते, हे उघड नियमभंग आहेत. तक्रार करणे म्हणजे सूड नव्हे. आपला राग योग्य पत्त्यावर, म्हणजे ज्याने यंत्रणा उभारली त्याच्यापर्यंत, पोचवण्याची ती रीत आहे. फोनवरच्या मुलीला झापल्याने तो तिच्या पलीकडे जात नाही.

आपल्या घरातील वृद्धांचा वेगळा विचार करावा लागेल. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, असे त्यांच्यावर संस्कार आहेत आणि 'फक्त दोन मिनिटं, आजी' म्हणणारा त्याच संस्कारावर आपला व्यापार करतो. ठग तर त्याच सौजन्याच्या वाटेने बँकेतल्या पुंजीपर्यंत पोचतात. ऐकत राहणे हे सौजन्याचे कर्तव्य नव्हे, हे आपण आजी-आजोबांना प्रेमाने आणि पुनःपुन्हा सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रित यंत्राचे आणि ठगाचे आपण शब्दाचेही देणे लागत नाही. फोन ठेवावा आणि संशय असेल तर १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे. मात्र पलीकडे जिवंत आणि प्रामाणिक कष्टकरी माणूस असेल, तर त्याला आपण दोनच गोष्टी देणे लागतो : सत्य आणि माणुसकीचा स्वर. दोन्ही मिळून पाच-सात सेकंद लागतात. 'मला नको आहे. कृपया पुन्हा फोन करू नका. धन्यवाद.' एवढे बोलून फोन ठेवून देण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

फाटकाशी मी तिला विचारले होते, 'लोकांनी काय बोललेलं तुला आवडेल?'

'नको म्हणावं, फादर, एवढंच. नको म्हटलं की मी तसं नोंदवते आणि सुटते. घरी नाहीत, विचार करून सांगतो, नंतर करा, असं म्हटलं की यंत्र तोच क्रमांक पुन्हा आणून देतं. मग मी पुन्हा फोन करते आणि त्यांना वाटतं, ही मुलगी किती निर्लज्ज आहे.'

मला वाटते, नीतिशास्त्राच्या वर्गात हे आम्हाला कोणी इतके स्वच्छ सांगितले नव्हते. सौजन्य म्हणून आपण जे 'विचार करून सांगतो' म्हणतो, तेही असत्यच आणि ते तर आशा लावणारे असत्य. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने होकार आणि नकार निखळ असावेत असे सांगितले, तेव्हा त्यात ऐकणाऱ्यावरची दयाही होती. निखळ नकाराने त्याची वाट मोकळी होते.

आता घरधन्यांच्या प्रश्नाचे उत्तर. पाप लहानच आहे. परंतु ते आपण स्वतःही केले नाहीत, मुलाकडून करवून घेतलेत. त्या मुलाला कर्जाचे काही कळत नाही. त्याला एवढेच कळले की, माणूस नकोसा असला म्हणजे त्याला खरे सांगण्याची गरज उरत नाही. उद्या तो कोणाला नकोसा समजेल, हे आज कोणी सांगावे?

तो पुढे काय बोलेल हे माझ्या हाती नाही. फोन उचलल्यावर मी काय बोलतो, एवढेच माझ्या हाती आहे. त्या शुक्रवारच्या मुलीची क्षमा मागण्याचा कोणताही मार्ग मला उरलेला नाही. तिचा क्रमांकही माझ्यापाशी नाही. म्हणून आता जो कोणी फोन करतो, त्याला मी तिच्या वाट्याचे उत्तर देतो.

त्या रात्री आठ वाजता त्या घरी पुन्हा फोन वाजला असेलच. तो कोणी उचलला, हे मी विचारलेले नाही.