भीतीतील आपला वाटा

दहशत घालणारा दोषी, हे सांगावयास निबंध लिहिण्याची जरुरी नाही. कठीण प्रश्न त्यापुढचा आहे. जो दहशत मानतो, त्याच्याकडे काही दोष येतो की नाही?

आमचे देऊळगाव राजा जाधवरावांच्या मुलुखातले. सिंदखेडचे लखुजी जाधवराव १६२९ साली निजामशहाच्या दरबारात कापले गेले, ही कथा येथे पोराटोरांस ठाऊक असते. त्या काळचे भय सरळ होते. हुकूम कोणाचा याविषयी संशय नसे, आणि रयतेची संमती कोणी मागत नसे. विसाव्या शतकात इटलीत जे भय निपजले त्याची जात निराळी. १९२१-२२ च्या सुमारास काळे सदरे घातलेल्या टोळ्या विरोधकांस झोडपीत, बळेच एरंडेल पाजीत, आणि पोलीस पुष्कळदा पाहत उभे राहत. उघड हुकूम कोणाचाच नव्हता, तरी तो सर्वांस समजत होता.

१९३१ च्या मार्चमध्ये नागपूरचे डॉ. मुंजे रोम येथे मुसोलिनीस भेटले; तेथील मुलांची कवाईत पाहून ते प्रभावित झाले. त्यांनी मैदान पाहिले. त्याच वर्षी पुढे विद्यापीठांच्या खोल्यांतून जे घडले ते मला अधिक बोलके वाटते. प्राध्यापकांनी फॅसिस्ट राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, असे फर्मान निघाले. सुमारे बाराशेंपैकी नकार देणारे बारा-पंधराच निघाले. बाकीचे सर्व काही फॅसिस्ट नव्हते. क्रोचे यांच्यासारख्या राजवटीच्या विरोधकानेही काहींस सही करण्याचाच सल्ला दिला होता. अध्यापनाचा धागा तुटू नये, हा हेतू. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. घरी मुलेबाळे असलेल्या माणसास भ्यावयाचा अधिकार आहे. पण प्रत्येक सहीने पुढच्याचा नकार महाग होत गेला. भ्यालो, असे स्वतःशी कबूल करणारा निदान दुसऱ्यास भिववीत नाही. भीतीला व्यवहारज्ञान म्हणणारा मात्र तिचा प्रचारक होतो. दोष येतो तो येथे.

आता आपल्याकडे पाहू. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरावयास गेले असता त्यांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी उमाताई फिरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे २० तारखेस वारले. पुढे पिंपरी-चिंचवडच्या २०१६ च्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांस एका वकिलाने समाजमाध्यमावर ‘मॉर्निंग वॉक’ला जाण्याचा सल्ला दिला. वाक्यात एकही वाईट शब्द नाही! उरलेला अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या भीतीतून भरावयाचा, अशी ही योजना. बोलणाऱ्याचे हात येथेही स्वच्छच.

आपला देश म्हणजे मुसोलिनीची इटली नव्हे. येथे न्यायालये आहेत. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांस जन्मठेप झाली, तिघे सुटले. उठल्यासुटल्या कोणासही फॅसिस्ट म्हटल्याने तो शब्द बोथट होतो. परंतु अर्धे वाक्य बोलून उरलेले दुसऱ्याकडून पुरे करून घेण्याची रीत मात्र तीच आहे.

पानसरे यांच्या हत्येनंतर कोल्हापुरात लोक दर महिन्याच्या २० तारखेस सकाळी एकत्र फिरावयास निघू लागले. त्या फेरीस त्यांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ असे नाव दिले.