पगारपत्रकावरची माणसे

माझी सगळी नोकरी संरक्षण लेखा विभागात झाली. सैनिकाची बंदूक मी फारशी पाहिली नाही, त्याचे पगारपत्रक मात्र रोज पाहिले. म्हणून इराकचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो 23 मे 2003 चा हुकूम. बगदादमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी त्या दिवशी इराकी सैन्य विसर्जित केले. लाखो माणसे, शस्त्र चालवण्यात तरबेज, आणि एकाएकी कुणाच्याच पटावर नाहीत. आठवडाभर आधी, पडलेल्या राजवटीच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सर्वांना सरकारी नोकरी बंद झाली होती. त्यात छळ करणारे होते, तसे बढतीसाठी पक्षात शिरलेले शाळामास्तरही होते.

परका मुलूख ताब्यात घेणाऱ्याने तिथली सुरक्षितता राखावी आणि अगदीच अशक्य असल्याखेरीज तिथले कायदे चालू ठेवावेत, असे 1907 चे हेगचे नियम सांगतात. म्हणजे धर्म राखणदाराचा, मालकाचा नव्हे. (एप्रिलात राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना तेलमंत्रालयावर पहारा होता. असो.)

जूनमध्ये माजी सैनिकांनी निदर्शने केली, अमेरिकी गोळीबारात दोघे मेले, आणि काही दिवसांत मानधन जाहीर झाले. आमच्या खात्याच्या हिशेबाने प्रश्न तिथे मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण पैसे परत आले तरी हुद्दा आला नाही. वीस वर्षे चाकरी केलेल्याला त्याचा गुन्हा काय हे न विचारताच दोषी धरले होते. शिक्षा माणसाला द्यायची की यादीला, हा खरा प्रश्न आहे.

त्याच भूमीवर तो पूर्वीही उभा राहिला होता. इसवी सन 656 मध्ये बसऱ्याजवळ मुसलमानांची आपसातली पहिली मोठी लढाई झाली. परंपरा सांगते की जिंकल्यावर खलिफा अलींनी बजावले: पळणाऱ्याचा पाठलाग नको, जखमीला मारू नका, घरे लुटू नका. विरुद्ध पक्षाच्या, पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांना त्यांनी मानाने परत पाठवले. ज्यांचे रक्त चालते त्यांचा माल का चालत नाही, म्हणून त्यांचेच लोक कुरकुरले. तरीही यादवी थांबली नाही. पुढच्याच वर्षी सिफ्फीनला लढाई झाली आणि 661 मध्ये कूफ्यात खुद्द अलींचा खून झाला. क्षमेतून शांतता उगवेलच, असे मी म्हणूनच म्हणत नाही. क्षमा केली पाहिजे, एवढेच म्हणतो.

पण कोणी करायची? युधिष्ठिराने धृतराष्ट्राला पंधरा वर्षे मानाने सांभाळले. भीमाला ते जमले नाही, तो टोचून बोलत राहिला. मला भीमाचा राग येत नाही. 1988 मध्ये हलब्जात विषारी वायूने ज्या कुर्दांची घरे रिकामी झाली, त्यांना संयम शिकवायला अमेरिकी अधिकारी कोण? शियांपुरता तो अधिकार नजफचे धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांना होता. सूड परस्पर घेऊ नका, न्याय कोर्टात होऊ द्या, असे ते सांगत राहिले. बॉम्ब फुटत असतानाही बऱ्याच जणांनी ऐकले. मग 22 फेब्रुवारी 2006 ला सामर्रातल्या शिया दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवला गेला. सुन्नी मशिदींवर हात टाकू नका, हे त्यांचे सांगणे त्या दिवशी वाहून गेले. धर्मगुरू हात आवरायला सांगू शकतो, रात्री गल्लीच्या तोंडाशी पहारा देऊ शकत नाही. तिथे आता टोळ्या उभ्या होत्या.

पुढे अमेरिकेनेच सुन्नी माणसे महिना सुमारे 300 डॉलरवर पहाऱ्याला ठेवली. 2008 पर्यंत ती लाखाच्या घरात गेली, आणि त्यांत जुने सैनिक पुष्कळ होते. मग ती इराकी सरकारच्या पटावर गेली: पाचातल्या एकाला सुरक्षा दलात घेऊ, बाकीच्यांना इतरत्र कामे देऊ, असे वचन होते. भरती रेंगाळली, पगार लांबू लागले. शिया नेतृत्वाच्या सरकारला ती माणसे मनातून नकोच होती. त्या नेत्यांचेही मला समजते. यातल्या कित्येकांनी कालपरवापर्यंत त्यांच्यावरच बंदूक रोखली होती.