विटाळाची मुदत

पूर्णेसारख्या रेल्वेच्या जंक्शनगावी बाजारपेठेत एखादे दोन-तीन मजल्यांचे व्यापारी संकुल उभे राहते, खाली कापडाची, भुसाराची आणि औषधांची दुकाने, वर पतसंस्था, दवाखाना आणि शिकवणीचे वर्ग अशी भाडेकऱ्यांची भरती होते, आणि मग जिना कोणी झाडायचा, संडास कोणी धुवायचे, पाण्याच्या टाकीतला गाळ कोणी उपसायचा हा विषय गाळेधारकांच्या बैठकीत अगदी शेवटी, चहा येता येता निघतो. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे असे बहुतेक सर्व जण मानतात; मला तो आधी धर्माचा वाटतो. कारण नळ बसवणाऱ्याला त्याने पूर्वी कोठे काम केले हे आपण विचारतो, विजेच्या तारा ओढणाऱ्याजवळ परवाना मागतो, पण झाडणाऱ्याच्या बाबतीत त्याला काम येते की नाही ही चौकशी कोणास सुचतच नाही. तो कोणाचा कोण, एवढे अदमासाने कळले की नेमणूक पक्की होते. हे काम शिकावे लागत नाही, ते जन्मानेच येते, ही समजूत शाळा-कॉलेजांची हवा लागूनही आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे.

आता ज्या शास्त्राच्या आधाराने ही समजूत रुजली, त्या शास्त्राने विटाळाचा विचार किती बारकाईने केला आहे ते पाहावे. सुतकाला दिवस नेमून दिलेले आहेत, सोयराला आहेत, ग्रहणाच्या वेधाला घटका-पळांचा हिशेब आहे. आणि ती मुदत सरली की माणूस स्नान करून पूर्ववत शुद्ध होतो, यात कोणास शंका उरत नाही. प्रेताला खांदा देणारा आप्त दहा-तेरा दिवसांनी पंक्तीत जेवायला बसतो. विटाळ येतो आणि जातो, हेच त्या साऱ्या विचाराचे मर्म होते. एका माणसाच्या बाबतीत मात्र ही मुदत कोणी लिहूनच ठेवली नाही. इतरांची घाण उचलणाऱ्याचा विटाळ पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखा वंशपरंपरेने उतरत गेला. पाटील-कुलकर्ण्यांची वतने सरकारने कायद्याने खालसा केली, हे एक वतन तेवढे बिनसनदेचे चालू राहिले. ज्याने घाण केली तो हात धुऊन शुद्ध झाला आणि ज्याने ती काढली तो दिवसातून तीनदा नाहला तरी अशुद्ध राहिला. हा न्याय कोणत्या दर्शनात बसतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये, अशी सूचना डब्याडब्यांतून वर्षानुवर्षे लिहिलेली होती. घाणीचा धनी कोण हे रेल्वेच्या दप्तराला पुरते ठाऊक होते, तरी रुळांमध्ये झाडू घेऊन उतरे तो निराळाच माणूस असे. पुढे डब्यांखाली जैव-शौचालये बसली आणि जे धर्मप्रबोधनाने साधले नाही ते बरेचसे एका टाकीने साधले. तुरुंगांची कथा याहून उघड आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैलासफाईचे काम मागितले, आणि उच्चवर्णीय कैद्यास ते देता येत नाही असा अधिकाऱ्यांचा शिरस्ता आडवा आला, तेव्हा त्यांना अन्नत्याग करावा लागला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामवाटणी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती 3 ऑक्टोबर 2024 रोजी. मधल्या 92 वर्षांत स्वराज्य आले, संविधान आले. नियमावली तशीच होती.

संतांकडे वळावे तर पूर्णेच्याच परभणी जिल्ह्यातले गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर झाडतो, केर उचलतो, दळू लागतो. देव स्वतः केरसुणीपाशी आला ही कल्पना मराठी मनाने सातशे वर्षे भक्तीने गायिली. उलट पक्षी, पूर्णेच्या बुद्धविहारात सांगता येईल अशी थेरगाथेतल्या सुनीताची कथा आहे. हीन मानलेल्या कुळात जन्मलेला, निर्माल्य झाडून पोट भरणारा हा माणूस तथागताला सामोरा गेला आणि भिक्षू झाला. तेथे तथागताने त्याच्या झाडूची थोरवी गायिली नाही, त्या झाडूतून त्याला मोकळे केले. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप नेमका याच जातीचा होता: भंगीकाम पवित्र आहे असे ते करणाऱ्यालाच ऐकवणे आणि इतरांना त्यातून सूट देणे, ही त्यांना क्रूर थट्टा वाटे. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. अप्पासाहेब त्याच्या कचाट्यातून सुटतात, कारण त्यांनी झाडू स्वतः मागून घेतला. आपण सुटत नाही. गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालून आपण खुर्चीवर बसतो, आणि जिना झाडणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणून हाक मारतो खरे, पण मावशीचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असतो.

तरीही उद्या सकाळी जिना झाडला गेलाच पाहिजे, आणि त्यासाठी कोणाची तरी निवड केलीच पाहिजे. ती गुत्तेदाराच्या शब्दावर करू नये. उमेदवाराला तासभर काम करू द्यावे आणि पाहावे. जाणता माणूस वरच्या मजल्यावरून खाली येतो, दाराच्या मागचा कोपरा आपण होऊन पाहतो, संडासाची बादली आणि फडके वेगळे ठेवतो, पोछा घट्ट पिळतो, आणि सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते म्हणून फरशीवर उठसूट ॲसिड ओतत नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करा असे त्याला मुद्दाम सांगून पाहावे. त्यातून विषारी वायू सुटतो हे ज्याला ठाऊक आहे तो हात मागे घेईल. आणि “साहेब, मैल्याच्या टाकीत मी उतरणार नाही,” असे जो पहिल्याच दिवशी बजावतो त्याला गाळेधारक उद्धट ठरवतात; मी त्याचे नाव यादीत सर्वांत वर घालीन. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा 2013 चा कायदा त्याच्या बाजूला आहे. अशा टाक्यांत जीव गेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये फर्मावले आणि 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण कायद्याहून मोठी गोष्ट अशी की ज्याला नाही म्हणता येते त्याचेच हो म्हणणे खरे असते. ज्याला दुसरा उंबरा मोकळा नाही, त्याला आपण निवडले असे म्हणण्यात अर्थ नाही. तो आपल्याकडे जन्मतःच नेमलेला होता, आपण फक्त हजेरीपटावर नाव चढवले.

म्हणून बैठकीत पगाराची तारीख, हातमोजे, आठवड्याची सुट्टी आणि हजेरीपटावरचे पूर्ण नाव यांची तजवीज व्हावी, हे ओघानेच आले. त्याशिवाय एक गोष्ट मी हट्टाने मागेन. शास्त्राप्रमाणे स्नानाने विटाळ फिटतो ना? मग इमारतीच्या नकाशात जिन्याखालची जी जागा जनरेटरला राखून ठेवलेली आहे ती मोरीला द्यावी, तेथे नळ आणि कडी असलेले दार बसवावे, किल्ली झाडणाऱ्याच्या हवाली करावी, आणि त्यानंतर गुत्तेदाराला दराची बोलणी करायला आत बोलवावे.