हिंस्र कुणाला म्हणायचं?

एकचाकी सायकलवरून पळून जाता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

कुत्रा मागे लागला की बाइकवाला ॲक्सिलरेटर पिळतो, कारवाला काच वर करतो. सायकलवाला जीव खाऊन पेडल मारतो. माझ्या युनिसायकलचं चाक वीस इंची आहे आणि पेडल थेट त्याच्या आसाला जोडलेलं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण १.६ मीटर. मिनिटाला ९० फेरे मारले तरी वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आतच राहतो. आपल्या रस्त्यावरचा कुठलाही धडधाकट कुत्रा याच्या तिप्पट वेगानं सहज धावतो. म्हणजे पळणं बाद. समोरच्याशी काहीतरी मिटवून घेणं, एवढंच हातात उरतं.

मी पुण्यात राहतो आणि पहाटे सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर सराव करतो. तिथे चार कुत्री असतात. चालत गेलो तर त्यातलं एकही मान वर करत नाही. चाकावर बसून गेलो की त्यातला तपकिरी उठतो आणि अंग ताठ करून, भुंकत थेट माझ्या पोटरीपाशी येतो. त्याचं वैर माझ्याशी नाही, हे उघड आहे. त्याला दिसतं ते असं: वर माणसाचं धड, हवेत डुलणारे हात, खाली एकच चाक आणि माणसाची नाही की गाडीची नाही अशी चाल. आमच्या वॉचमनकाकांनीही पहिल्या दिवशी मला दोनदा हटकलं होतं. कुत्र्याचा संशय त्याहून फार वेगळा नाही.

यावर माझा उपाय साधा आहे: उतरायचं. पाऊल पुढे टाकायचं, सीट हातात धरायची आणि चाक दोघांच्या मधे ठेवायचं. नजरेला नजर भिडवायची नाही, पाठ फिरवायची नाही, सावकाश मागे सरायचं. "काय रे, मीच आहे," असं नेहमीच्या आवाजात म्हणायचं. ओळखीचा दोन पायांचा माणूस पुन्हा दिसला की बहुतेक वेळा त्याचा आवेश ओसरतो.

बहुतेक वेळा. गेल्या महिन्यात उतरता उतरताच त्याचे दात लागले. जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी लस सुरू केली. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे "जरासं तर खरचटलंय" हे वाक्य इथे चालत नाही.

मित्र म्हणाले, "तक्रार कर, उचलून नेतील." हे बोलायला सोपं आहे. २०२३च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला पकडून, नसबंदी आणि लसीकरण करून, जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं, पण अपवाद ठेवला: रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक वर्तन करणारी कुत्री परत सोडायची नाहीत. म्हणजे माझ्या अर्जातल्या 'आक्रमक' या एका शब्दानं त्याचा रस्ता कायमचा सुटू शकतो.

आता सांगा, तो आक्रमक आहे का? तो चावला, हे खरं. पण त्याला चावायला लावणारी वस्तू अख्ख्या वस्तीत एकच, आणि ती माझी. माझा छंद नसता तर त्याचा 'स्वभाव' कुणाला दिसलाच नसता.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सगळ्यांना आठवतो. सुरुवातीचा फारसा कुणाला आठवत नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात एक कुत्रा येतो. राजाचे भाऊ त्याला मारतात. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलंही नसतं. त्याची आई सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कुणाकडेच उत्तर नसतं, आणि मग ती शाप देते. शापापेक्षा मला ते उत्तर नसणं जास्त लागतं. शिक्षा झाली होती, चौकशी झालीच नव्हती.

इथवर मी माझ्या दयाळूपणावर खूश होतो. तो उतरवला रस्ता झाडणाऱ्या मावशींनी. मी म्हटलं, "त्याची चूक नाही हो मावशी, मी सोडून देणार आहे." त्या म्हणाल्या, "तुमचं बरंय दादा. तुम्हाला नको वाटलं तर तुम्ही घरी बसाल. मी गाडी टाकून कुठं जाऊ?"

त्यांची कचऱ्याची ढकलगाडी. तिलाही चाकंच आहेत. कुत्रा त्यांना काही करत नाही, पण गाडीचं चाक खडखडलं की धावून येतो. सायकलवर पेपर टाकणाऱ्या मुलालाही तोच अनुभव. अख्ख्या वस्तीत मी एकटाच आहे, हा माझा समज तिथेच संपला.

मला चावलेला चावा मी माफ करू शकतो. तो हक्क माझा आहे. पण मावशींच्या वाट्याला उद्या येऊ शकणारा चावा मी आज माफ करू शकत नाही. माझी करुणा माझ्या पोटरीपुरती. त्यापुढे ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली उधळपट्टी होते. भूतदयेवर आपण भांडतो तेव्हा एक बाजू कुत्र्याच्या वतीनं बोलते, दुसरी माणसाच्या. पण पहाटे त्या रस्त्यावर ज्याला यावंच लागतं, त्याला विचारायला कुणी जात नाही.

मग मी अर्ज केला. फक्त 'आक्रमक कुत्रा' असं लिहून थांबलो नाही. चालणाऱ्यांना काही करत नाही, चाकांवर धावतो, हे लिहिलं. मला चावला, तेव्हा मी एकचाकी सायकलवर होतो, हेही लिहिलं. कानाला खाच नाही, म्हणजे नसबंदी झालेली नसावी, हे लिहिलं. मावशींचं आणि पेपरवाल्या मुलाचं म्हणणं त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत घातलं. अर्ज दीड पान झाला. वाचून एक मित्र म्हणाला, "तू तक्रार करतोयस की त्याची वकिली?" मला वाटतं, ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्याविरुद्ध बोलताना ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात. ते अवघड आहे. पण 'हिंस्र' हा शब्द वापरण्याची किंमत तेवढी तरी असावी.

गाडी येऊन त्याला घेऊन गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. तो परत येईल की नाही, हे ठरवणारा मी नाही. मावशी रोज विचारतात, "आला का हो तो?" त्या आवाजात काळजी आहे की धास्ती, हे मला अजून ओळखता आलेलं नाही.