लांबत जाणारी ओळ

विणकाम शिकणाऱ्याला बहुतेक वेळा आधी मफलर विणायला सांगतात. मफलरची पहिली आणि शेवटची ओळ सारखीच. दुरंगी त्रिकोणी शालीची मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका टाक्याने मोठी. शालीचा आकार, रंगांची वाटणी आणि शिकणाऱ्याची सोय ही तिन्ही त्या एका टाक्यातून निघतात.

कृती एवढीच. सुईवर 4 टाके घालावेत. प्रत्येक ओळीत 2 टाके सुलट, मग सुईवर लोकरीचा एक वेढा आणि उरलेले सगळे टाके सुलट. उलट टाका कुठेच नाही. वेढ्याने एक टाका वाढतो आणि कडेला बारीक जाळी उमटते. एक ओळ या कडेला वाढते, पुढची त्या कडेला. म्हणून शाल दोन्ही अंगांना सारखी पसरते. सगळ्या ओळी सुलट असल्या की दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. त्यामुळे टोकाशी काटकोन होतो आणि रुंदी उंचीच्या दुप्पट येते.

आता लोकरीचा हिशेब. 100 ओळींची शाल धरली, तर पहिल्या 50 ओळींना एकूण लोकरीचा सुमारे पाव हिस्साच लागतो. निम्मी लोकर संपते ती 70व्या ओळीच्या आसपास. म्हणजे सारख्या वजनाचे दोन गुंडे घेऊन 50व्या ओळीला रंग बदलला, तर पहिला गुंडा जवळजवळ अर्धा उरतो आणि दुसरा पुरत नाही. एक रंग पोटाला आणि दुसरा काठाला हवा असेल, तर 70 ओळींनंतर बदलावा. पट्टे हवे असतील, तर आलटून पालटून प्रत्येक रंगाच्या दोन-दोन ओळी विणाव्यात. लांब ओळी दोघांच्याही वाट्याला येतात आणि लोकर जवळपास सारखी लागते. शिवाय दोन ओळींनी धागा सुरुवातीच्या कडेला परत येतो, तोडावा लागत नाही. थांबलेला रंग कडेने सैलसर वर न्यावा. ओढला तर कड आवळते.

हीच वाढ शिकणाऱ्यालाही सांभाळून घेते. हात नवखा असतो तेव्हा ओळी आखूड असतात. चूक झाली तर थोडेच टाके उसवावे लागतात. ओळी लांबेपर्यंत बोटांना वळण लागलेले असते.

शेवटची ओळ सर्वांत लांब. टाके बंद करायला तिच्या रुंदीच्या निदान चौपट लोकर राखून ठेवावी आणि हात सैल सोडावा. घट्ट बंद केले तर पसरलेली शाल वरच्या काठाला गोळा होते. अंगाच्या मापाशी जुळवायचे काही नाही, लोकर संपत आली की थांबायचे. नवशिक्याच्या हाती म्हणूनच मफलरच्या आधी ही शाल द्यावी.