आल्तारापुढचा झिरो बल्ब



पाच भाकरी आणि दोन मासे यांनी पाच हजारांचा समुदाय तृप्त झाला, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण योहान आपल्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात तिचा शेवट कसा सांगतो, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सगळे जेवून तृप्त झाल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावतो. काही फुकट जाऊ नये, एवढेच कारण. ज्याने मनात आणले असते तर आणखी हजार भाकरी दिल्या असत्या, तो तुकडे वेचायला सांगतो! बारा टोपल्या भरल्या.

आपल्या घरात वीज अशीच न मागता येते. बटण दाबले की उजेड. ती कोठून आली हे दिसत नाही, म्हणून विचारही होत नाही. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळसा जाळून तयार होतो. एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. भोवती कोळशाच्या खाणी आणि राखेचे ढीग. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक भागांत केली होती. तिथली लेकरे जो धूर श्वासात घेतात, त्यातला थोडा आपल्या ओटीवर रात्रभर उगाच जळणाऱ्या दिव्याचाही असतो. शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला राहणारा माणूस आपला शेजारी नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

बहुतेक घरांत आता एलईडी दिवे आले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तरीही प्रत्येक घरात एकदोन जुने दिवे राहूनच जातात. न्हाणीघरात, जिन्याखाली, विहिरीच्या पंपापाशी. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेतला फार थोडा भाग उजेड देतो, बाकी सगळी उष्णता. हात लावून पाहा, चटका बसेल. ६० वॉटच्या बल्बइतका उजेड ९ वॉटचा एलईडी देतो. असे चार जुने बल्ब रोज पाच तास जळले तर महिन्याला ३६ युनिटे होतात, एलईडीवर साडेपाचसुद्धा होत नाहीत. तीस युनिटे वाचली म्हणजे वीस किलोच्या आसपास कोळसा जळायचा वाचला. हे एका घराचे, एका महिन्याचे!

आता घरच्या आल्ताराकडे वळू. पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे आपल्याकडे लाल झिरो बल्ब दिवसरात्र जळत असतो. नाव झिरो, पण जुना काचेचा झिरो बल्ब पंधरा वॉटच्या आसपास वीज खातो. जुन्या मीटरवर एवढा लहान भार नोंदला जात नसे म्हणून ते नाव पडले, असे जाणती माणसे सांगतात. चोवीस तास जळला की महिन्याला जवळजवळ अकरा युनिटे. युनिटला दहा रुपये धरले तरी शंभरावर रुपये झाले, आणि घरातला सर्वांत मंद दिवा सर्वांत खादाड ठरला. तो विझवा असे आम्ही म्हणत नाही. त्या दिव्यापुढे आपल्या आईवडिलांनी रोज संध्याकाळी रोझरी म्हटली आहे. त्याच्या जागी अर्ध्या वॉटचा लाल एलईडी लावा. महिनाभर अखंड तेवला तरी अर्धे युनिटसुद्धा होत नाही. ‘बिजली का दिवा बदलला तर भक्ती कमी होते काय?’ असे कोणी विचारील. सिस्टीन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोच्या चित्रांवर २०१४ पासून एलईडीचाच उजेड पडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात घरातले नको असलेले दिवे मालवण्यासारख्या छोट्या कृतीलाही सृष्टीच्या जपणुकीत मोलाचे स्थान दिले आहे.

खरेदी करताना रस्त्यावरचा अगदी स्वस्त बल्ब घेऊ नये. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ऊर्जाबचतीचे तारे पाहून घ्यावा. चोकवाली जुनी ट्यूबलाईट असेल तर तीही बदलण्यासारखी आहे. काढलेले सीएफएल मात्र कचऱ्याच्या डब्यात फोडून टाकू नका. त्यांत पारा असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. दिवा स्वस्त झाला म्हणून आपण दिवे वाढवू लागलो आहोत. नाताळात माडापासून कुंपणापर्यंत माळा, त्याही पहाटेपर्यंत चालू. वाचवलेले सगळे असे एका महिन्यात उधळले जाते, शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडते, झाडावरची पाखरे बिचारी बावरतात. बेथलेहेमच्या गोठ्याला एक तारा पुरला होता. आपली चांदणी जरूर लावू या, पण जेवणे आटोपून घर निजले की ती मालवू या.

आणि ज्यांना आजही पिवळा बल्बच परवडतो असे वाटते, त्यांचे काय? भाड्याच्या खोलीत राहणारे, हातावर पोट असणारे. दहावीस रुपयांचा बल्ब ते घेतात आणि महिन्याच्या बिलात त्याच्या कितीतरी पट भरतात. गरिबालाच उजेड महाग पडतो. सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे सभासद दर महिन्याला अशा घरी जातातच. या आगमनकाळात तांदूळ-डाळीच्या पिशवीत दोन एलईडी बल्बही जावेत. ज्या कुटुंबांना द्यायचे असतील, त्यांनी मिस्सानंतर ते सभासदांकडे सुपूर्द करावेत. पाकिटावर नाव घालू नये.