पाण्याचं दार कोण उघडतं?

मुक्ताचे आई-वडील साक्रीहून फ्रायबुर्गला यायचं ठरलं, तेव्हा तिने त्यांच्यासाठी एकेक दिवस कागदावर आखला. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे शहर अशा जागी आहे की सकाळी निघून दुपारचं जेवण फ्रान्समध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये घ्यावं आणि रात्री घरी परतावं. ग्रंथालयात संध्याकाळी काम करून साठवलेले पैसे तिने त्यासाठीच राखले होते. नानांनी आणि मायने जन्मभर काही पाहिलं नाही, आता डोळे भरून पाहू देत, एवढीच तिची इच्छा, आणि ती मनापासूनची होती.

नाना पाटकरी. पांझरा नदीच्या काठच्या गावांत कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः नाही घ्यायचं, पाटकऱ्याने द्यायचं. मुक्ता फ्रायबुर्गच्या विद्यापीठात जलशास्त्र शिकत होती. तरीही पहाटे फावडं खांद्यावर टाकून निघणाऱ्या वडिलांच्या कामाचा आपल्या अभ्यासाशी काही संबंध असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. मुलं शिकतात तेव्हा आई-बाप हे त्यांच्या दृष्टीने कष्ट होतात, ज्ञान होत नाहीत. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

कागदाप्रमाणे फिरणं सुरू झालं. शाफहाउझेनजवळ ऱ्हाइन नदी दीडशे मीटर रुंद पात्रातून २३ मीटर खाली कोसळते. नाना कठडा धरून उभे राहिले, "लई मोठं आहे," म्हणाले आणि मुलीने सांगितलं तिथे फोटोसाठी उभे राहिले. कोल्मारला जाताना माय गाडीत झोपली. टिटिझे तलावाकाठच्या दुकानात कोकिळेच्या घड्याळांच्या किमती ऐकून दोघं चटकन बाहेर आली. रात्री मुक्ता विचारायची, "आवडलं ना?" दोघं एकदमच हो म्हणायची.

मग मायचा गुडघा सुजला. त्या दिवशी बाझलला जायचं होतं, ते राहिलं. मुक्ता तिच्या गुडघ्याला शेक देत बसली, आणि नाना "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले. दोन तास झाले तरी परतले नाहीत. फोन खोलीतच होता. भाषा येत नाही, पत्ता सांगता येत नाही. मुक्ता चपला घालून धावली.

जुन्या फ्रायबुर्गच्या रस्त्यांच्या कडेने दगडी पाट वाहतात. त्यांना बेख्ले म्हणतात. तेराव्या शतकापासून त्यांच्या नोंदी सापडतात. गुरांना पाणी पाजायला, आग विझवायला त्यांचा उपयोग व्हायचा. आता मुलं त्यांत दोरी बांधलेल्या लाकडी होड्या सोडतात. चुकून ज्याचा पाय या पाटात पडेल त्याचं लग्न फ्रायबुर्गकराशी होतं, असं तिथे म्हणतात. मुक्ता रोज ते ओलांडून वर्गात जायची.

नाना पाण्याच्या उलट दिशेने चालत गेले होते. पूर्वेला श्वाबेनटोर नावाची जुनी वेस आहे, तिच्याजवळ ते उकिडवे बसलेले सापडले. शेजारी पालिकेचा एक सफाई कामगार झाडूवर रेलून उभा. दोघांत एकही सामाईक शब्द नव्हता. नानांनी हाताने दार वर ओढल्याची खूण केली, कामगाराने मान डोलावून डोंगराकडे बोट दाखवलं.

"बरं झालं आलीस," नाना म्हणाले. "याला विचार, पाण्याचं दार कोण उघडतं?"

मुक्ताने विचारलं. पाणी ड्रायझाम नदीचं, वरच्या अंगाला कालव्यात वळवलेलं. शरद ऋतूत ते बंद करून सगळे पाट साफ करतात, डागडुजी करतात. एरवी पाला अडकून पाणी रस्त्यावर येऊ नये, हे त्याचं काम.

"आमच्याकडे पाट साफ करायला अख्खा गाव येतो, सांग त्याला. आणि विचार, नदीला पाणी कमी झालं तर आधी कुणाचं तोडतात?"

कामगाराने खांदे उडवले. ते वरचे साहेब ठरवतात. मग त्याने मुक्तालाच विचारलं, "तुमच्याकडे कसं ठरतं?"

मुक्ताला सांगता येईना. नदीच्या पुराचं गणित ती संगणकावर मांडू शकत होती, पण आपल्या गावात दुष्काळात पाणी कुणाचं तोडतात हे तिला माहीत नव्हतं. तिने नानांकडे पाहिलं.

"कुणा एकाचं नाही तोडत," नाना म्हणाले. "बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी दिसलं की एक फड पडीत ठेवायचा. तोटा सगळ्यांचा."

तिने ते जर्मनमध्ये सांगितलं. त्याने दोनदा विचारून नीट समजून घेतलं आणि नानांशी हात मिळवला.

गुडघ्याची सूज उतरल्यावर तिघं म्युन्स्टरसमोरच्या बाजारात गेली. ११६ मीटर उंच मनोऱ्याचं ते चर्च, पण मायची नजर गेली दाराजवळच्या भिंतीवर कोरलेल्या गोल-लांबट आकारांकडे. तिथे १२७० आणि १३१७ अशी सालं होती. पावांची ती मापं आहेत, असं पाटी वाचून मुक्ताने सांगितलं. बेकरीवाल्याने लहान पाव दिला तर गिऱ्हाइकाने इथे ताडून पाहावा. माय बराच वेळ तिथे उभी राहिली. "देवाच्या दारात माप," म्हणाली, "मग खोटं कोण करेल?"

उरलेल्या दिवसांची आखणी नानांनी केली. तिघं ड्रायझामच्या काठाने डोंगराकडे चालली, माय थकली की बसली. मुक्ताच्या वहीत पांझरेची चित्रं उमटू लागली: पाटकऱ्यांवर देखरेख करणारा हवालदार कुठे, राखण करणारा जागल्या कुठे, रात्रीची पाळी कशी.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या रत्नागिरीच्या मैत्रिणीचे आई-वडील आले. मैत्रीण परीक्षेत अडकली होती, म्हणून त्यांना फिरवायचं मुक्ताकडे आलं. तिने चहा ठेवला आणि आधी विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत?"

"बोटीवर तांडेल होतो."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना बाझलला घेऊन गेली. तिथे ऱ्हाइनवर अशा नावा आहेत ज्यांना इंजिन नाही. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला नाव जोडलेली असते, नावाडी तिचा कोन बदलतो आणि वाहतं पाणीच तिला पलीकडच्या काठाला नेतं. काकांनी तार पाहिली, दोर पाहिला, नावाड्याच्या हाताकडे पाहत राहिले. पलीकडे पोचल्यावर ते उतरलेच नाहीत.

"परत एकदा जाऊ," म्हणाले. "आणि त्याला विचार गं, वारा उलटा असला की हा काय करतो?"